येसू धनेशची हरकत

एका जंगलात (आता तिथे काय आहे ते विचारू नका, मुलांनो, कळेलच) धनेश पक्षी राहायचे. त्यांची चोच एवढी मोठी, की आधी चोच यायची आणि मागून पक्षी.

त्यांची रीत जरा वेगळी होती. अंडी घालायची वेळ आली की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरायची आणि आतून दार चिखलाने लिंपून घ्यायची. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवायची. मग तीन महिने नराने उंबरं आणून तिला फटीतून भरवायचं. तिच्यासाठी आणलेला घास वाटेत खाली टाकायचा नाही, अशी त्यांची शपथ होती. आणि घर बाईने लिंपलेलं, म्हणून झाडही बाईच्याच नावावर. तुमच्याकडे आहे का असं? मग हसू नका.

रेवजी धनेशाची बायको येसू अशीच आत बसली होती. तिची ही पहिलीच अंडी.

त्या वर्षी तरस शेठ जंगलात आले. शेठचा धंदा लाकडाचा, आणि त्यांना जुनीच झाडं हवी होती. पण रहिवाशांना विचारल्याशिवाय झाड तोडायचं नाही, असा कायदा होता. शेठ कायद्याला फार मानायचे. येताना ते सुनावणीचे अधिकारी सोबतच घेऊन आले. साळिंदर साहेब. अंगभर लेखण्या.

सुनावणी भरली. साहेबांनी विचारलं, "झाडं तोडायला कोणाची हरकत?"

सगळे नर हजर होते. पण वेळ बायकांच्या जेवणाची, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडात उंबरं. चोच उघडली की घास खाली. कोणी बोलेना. नाही, नाही, म्हणून माना तेवढ्या जोरजोरात हलल्या.

"माना हलल्या," साहेब म्हणाले. "संमती आहे."

रेवजीला राहवेना. त्याने शपथ मोडली. सात उंबरं टपाटप जमिनीवर पडली.

"हरकत आहे! माझी बायको आत आहे!"

"झाड कोणाच्या नावावर?"

"तिच्या."

"मग तुम्ही कोण? हरकत तिने घ्यायची. समक्ष येऊन."

"अहो साहेब, पिल्लांना पंख फुटेपर्यंत ती कशी येणार? तुम्हीच चला की. फटीतून बोलेल ती."

"सुनावणी कोणाच्या दारात जात नसते."

"दार कुठंय? फटच आहे! बरं, दोन महिने थांबा."

"दोन महिन्यांत नदी आटते," तरस शेठ हसत म्हणाले. "ओंडके काय डोक्यावर नेऊ?"

साहेबांनी पाठीवरची एक लेखणी उपटली आणि लिहिलं : मालक गैरहजर, सबब हरकत नाही.

मला या साहेबाचा असा संताप येतो म्हणता! पण बोधकथा सांगणाऱ्याने शांत राहायचं असतं.

शेठ मात्र मनाने मोठे. "आम्ही कोणालाही घराबाहेर काढणार नाही," त्यांनी जाहीर केलं. आणि खरंच काढलं नाही. येसूचं झाड बुंध्यातून कापलं, शेंडा छाटला, आणि हत्तींनी ते ढोलीसकट नदीत ढकललं. अहवालात नोंद झाली, की एकही कुटुंब बेघर झालेलं नाही, उलट सर्वांना मोफत प्रवास घडवला.

रेवजी वरून उडत राहिला. लांबलांबून उंबरं आणायची, वाहत्या ओंडक्यावर उतरायचं, फटीतून भरवायचं.

"अहो," आतून येसू म्हणाली, "झाड एवढं का डुलतंय?"

"वारा सुटलाय."

"आपटलं केवढं! दोन अंडी फुटली. एकच राहिलंय."

रेवजीला रडू आलं. पण त्याने ते आत जाऊ दिलं नाही.

"तेवढं एक जप," तो म्हणाला.

"जपतेय. बाळ बाहेर आलं की त्याला पहिल्यांदा कुठल्या झाडावर बसवायचं हो?"

रेवजीने हा काठ पाहिला. तो काठ पाहिला. दोन्हीकडे नुसते खुंट.

"अगं, बस निवांत," तो म्हणाला. "बाहेर यायची एवढी काय घाई आहे?"

तात्पर्य : मुलांनो, आपल्या घराबद्दल हरकत घ्यायची असेल, तर आधी घर सोडून यावं. म्हणजे समक्ष हजर राहता येतं, आणि हरकतही उरत नाही.