नीळकंठरावांच्या गाडीची शिटी

चिखली सोडून गाडी साखरखेर्ड्याच्या रस्त्याला लागली आणि शिटी वाजवू लागली.

"काच नीट लावा तुमच्या बाजूची," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"लावलेलीच आहे."

"मग काय वाजतंय?"

"मला विचारून वाजत नाहीये ते," नीळकंठराव म्हणाले.

नीळकंठरावांना राग यायला एरवीही फार कारण लागत नसे. त्या दिवशी तर कारणांची रांगच लागली होती. लोणारला प्रतिमाबाईंच्या भाचीचा साखरपुडा होता आणि निघायलाच उशीर झालेला. मेहकरचा नेहमीचा रस्ता खोदून ठेवलेला, म्हणून दुसरबीडवरून जावं लागत होतं. आणि त्या वर्षी दुसरबीडात आपल्याला कोणी ओळखू नये, असं नीळकंठरावांना अगदी मनापासून वाटत होतं.

चिखलीत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. मृगाच्या आधी त्यांनी दुसरबीडच्या लोकांना बीटी कपाशीचं एक नवं वाण छातीठोकपणे विकलं होतं. "याला अळी शिवत नाही" हे वाक्य ते प्रत्येक पाकिटाबरोबर फुकट देत. दिवाळीनंतर लोकांनी बोंडं फोडून पाहिली, तर आत गुलाबी अळी सासुरवाडीला आल्यासारखी बसलेली. लोक दुकानात आले. नीळकंठरावांनी एकेकाला काउंटरवरूनच वाटेला लावलं. कोणाची फवारणी उशिरा झालेली, कोणी पाणी जास्त दिलेलं, कोणाची जमीनच भारी. त्यानंतर त्या बाजूचे फोन उचलणं त्यांनी बंद केलं होतं.

तेव्हा दुसरबीड गुपचूप ओलांडायचं असा बेत होता. पण गाडीला तो मान्य नव्हता. वेग वाढवला की शिटी वाढे, पाय उचलला की थांबे.

"कुठंतरी दाखवून घ्या ना," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"दुसरबीड गेल्यावर."

"दुसरबीडातच गॅरेज असेल की."

"तिथं गर्दी असते," नीळकंठराव दात आवळून म्हणाले.

गर्दी होतीच. बाजाराचा दिवस होता. गतिरोधकावर गाडी हळू झाली, पुन्हा वेग घेताना तिनं अशी काही शिटी मारली, की मेथी निवडणाऱ्या बायांपासून शेळ्या विकणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी माना वळवल्या. रस्त्याकडेच्या गॅरेजमधून शकूर मिस्त्री हात पुसत पुढे आला आणि सरळ गाडीला आडवा झाला.

"थांबा भाऊ. पट्टा जाऊन राह्यला वाटते." मग त्यानं काचेतून आत पाहिलं. त्याचा आवाज एकदम थंड झाला. "हिंमतराव, इकडे या. चिखलीवाले भाऊ आले."

शकूरच्या स्वतःच्या रानातही तेच वाण होतं, तसंच हिंमतरावांच्या आणि भाजीवाल्या रुखमाबाईच्याही. हिंमतराव गॅरेजसमोरच्या बाकावरून उठले. भाजीचा ढीग तसाच सोडून रुखमाबाई आली. बघता बघता गाडीभोवती कोंडाळं जमलं. आता कॉलर धरली जाणार, या तयारीनं नीळकंठराव खाली उतरले. पण कोणी शिवीसुद्धा दिली नाही. शकूरनं बॉनेट उघडलं, पट्ट्यावर पाणी ओतलं, गाडी चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावला. शिटी होती तशीच.

"डिझल कवा भरलं?" हिंमतरावांनी विचारलं.

"आज सकाळी."

"उशीर झाला. कालच भराले पाह्यजे होतं."

"डिझेलला कसला उशीर?"

"रेडिएटरात पानी जास्त झालं असन," शकूर म्हणाला.

"पाणी बरोबर आहे. मी स्वतः पाहिलंय."

"मंग रस्ता भारी असन तुमच्याकडचा," रुखमाबाई म्हणाली. "भारी रस्त्यात ही गाडी चालत नाई."

"गाडीत काई दोष नाई, भाऊ," हिंमतराव शांतपणे म्हणाले. "चालवनाऱ्याचं नियोजन चुकून राह्यलं."

नीळकंठरावांच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. "माझं नियोजन?" ते ओरडले. "वीस वर्षं गाडी चालवतोय मी. सांगितलं तसं सगळं केलं. डिझेल वेळेवर, पाणी वेळेवर. चांगली म्हणून सांगितली, विश्वास ठेवून घेतली, आणि आता बिघडली तर दोष माझा? जिनं विकली ती कंपनी मोकळी आणि ज्यानं घेतली तो मूर्ख?"

"हेच तं आमी सांगाले आलो होतो तुमच्या दुकानात," रुखमाबाई म्हणाली.

हिंमतरावांचा आवाज आता मात्र चढला. "आमची कपाशी अजून उभी हाय. ती उपटून हरभरा पेराचा हाय. पन पंचनामा झाल्याबिगर हात लावता येत नाई. कृषीवाले म्हन्तात बी विकनारा संगं आना, आन् तुमी फोन उचलत नाई. पेरनीचा वखत चालला, भाऊ."

"मला तर हे म्हणाले होते, कर्ज घ्या म्हणणाऱ्या बँकवाल्यांचे फोन येतात म्हणून उचलत नाही," प्रतिमाबाई म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की नीळकंठराव बॉनेटमध्ये डोकावले.

"आणि मिस्त्रीभाऊ, तो पट्टा सोडा आता," प्रतिमाबाई पुढे म्हणाल्या. "कुकरची रिंग गेली की असाच आवाज येतो. कुठून हवा निघतेय ते पाहा."

शकूरनं रबरी नळ्यांवरून हात फिरवला. एका जाड नळीच्या खालच्या अंगाला चीर सापडली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यानं ती करकचून बांधली. शिटी बंद झाली. नीळकंठरावांनी घाईनं स्टिअरिंगचा ताबा घेतला, तर समोर हिंमतराव उभे, आणि ते हलायचं काही चिन्ह दिसेना.

प्रतिमाबाईंनी मागच्या सीटवरची फळांची परडी आणि पेढ्यांचे डबे उचलले. बिबीमार्गे लोणारला निघालेल्या काळ्या-पिवळ्या जीपला हात केला.

"कुठे निघालीस?"

"लोणारला. साखरपुडा तुमच्यावाचून होईल. तुम्ही शेतात जा."

"मी एकटा?"

"एवढे लोक आहेत की सोबतीला," असं म्हणून त्या जीपमध्ये बसल्यासुद्धा.

मग नीळकंठरावांच्या गाडीत हिंमतराव पुढे, रुखमाबाई आणि आणखी तिघं मागे, अशी वरात शेतावर गेली. दुकानदार स्वतः आलाय म्हटल्यावर कृषी सहायकही मोटारसायकलवर आला. नीळकंठरावांनी झब्ब्याच्या बाह्या सावरून एक बोंड फोडलं. आत अळी. एखादं तरी धड निघेल म्हणून ते तासभर ओळीओळीनं बोंडं फोडत राहिले. एकही निघालं नाही. त्यांनी बियाण्याच्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. पलीकडच्यानं गोड आवाजात फवारणी वेळेवर झाली होती का ते विचारलं, आणि नीळकंठराव त्याच्यावर असे तुटून पडले, की बांधापलीकडचे बगळे उडाले. दुसरबीडकर ऐकत उभे होते. हा राग त्यांच्या ओळखीचा होता, पण आज त्याचं तोंड पहिल्यांदाच दुसरीकडे होतं.

पंचनाम्यावर सही करून ते लोणारला पोचले, तेव्हा दिवे लागले होते. साखरपुडा उरकला होता. बैठकीत प्रतिमाबाईंचे भाऊ, म्हणजे मुलीचे वडील भगवंतराव व्याह्यांना पान देत होते. दारात नीळकंठराव उभे राहिले. झब्ब्यावर मातीचे डाग, केसांत कापूस, डोळे लाल.

"या, या. फार त्रास झाला म्हणे," भगवंतराव म्हणाले.

"वाणच खराब निघालं," नीळकंठराव दारातूनच कडाडले. "वरून झकपक आणि आतून पोखरलेलं. साफ फसवणूक आहे ही."

व्याह्यांचा पानाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. नवऱ्या मुलानं गोंधळून आईकडे पाहिलं. आई उभी राहिली.

"कोणाबद्दल बोलताय आपण?" व्याह्यांनी विचारलं.

प्रतिमाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो, कशाचं वाण ते सांगा आधी. नीट सांगा."

दिवाळीपासून जे एक वाक्य नीळकंठरावांनी कोणासमोर तोंडातून काढलं नव्हतं, ते आता दोन्ही घरच्या पाहुण्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काढावं लागलं.

"कपाशीचं," ते म्हणाले. "मी विकलेल्या."