एकशे ऐंशी हर्ट्झचे बावतीस अंकल

बावतीस अंकल दारात आलेल्याला पाणी नंतर विचारतात. आधी विचारतात, "तुझ्या घरच्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट किती?"

आपल्याला ठाऊक नसतो. "साठ हर्ट्झच असणार," ते हळहळतात, जणू आपल्या घरी कुणी आजारी आहे.

आगाशीत आमच्या कुंपणापलीकडे त्यांची केळीची वाडी. सत्तरी ओलांडलेली, घरात एकटे. मुलगा ग्लेन कॅनडात. फोनवर बापलेकाचं बोलणं "जेवलास?" "जेवलो" याच्या पुढे सरकत नाही. म्हणून रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की अंकल कपडेही न बदलता संगणकापुढे बसतात. त्या वेळी ग्लेन गेममध्ये येतो आणि दोघं तासभर एका बेटावर भटकतात.

त्यासाठीच हा सत्तावीस इंची गेमिंग मॉनिटर. "सेकंदाला एकशे ऐंशी चित्रं, बाळा. रिस्पॉन्स टाइम एक मिलिसेकंद. पापणी लवेपर्यंत वाडी शिंपून होईल."

गरज नसलेली खरेदी म्हणजे बेडी, असं पत्रक छापून मी बाजारात वाटलंय. अंकलनी ते मन लावून वाचलं, चार घड्या घातल्या आणि मॉनिटरच्या डुगडुगत्या स्टँडखाली सरकवलं. "कामाचं आहे."

"ज्या बाजारानं पोरगा नेला, तोच आता तुम्हाला त्याची सावली विकतोय," मी म्हटलं.

"मग सावली तरी धड दिसू दे की."

खेळ गोळीबाराचा. अंकल गोळी झाडत नाहीत. शत्रू समोर आला की म्हणतात, "ये बाबा, दमलास का?" आणि मरतात. मरेपर्यंत बेटावरची झाडं बघतात. "एवढा घड लागलाय आणि केळीला टेकू नाही. कुणाची वाडी रे ही?"

एका रविवारी, ग्लेन यायच्या आधी, मी विचारलंच, "जुन्या, साठच्या स्क्रीनवर असं काय अडत होतं?"

अंकल माऊस कुरवाळत राहिले. "लहानपणी राजोडीच्या किनाऱ्यावर नेला की हा पुढे धावायचा. मध्येच गर्रकन वळून बघायचा, मी आहे ना. इथेही पुढेच धावतो. पण वळतो का, ते कळायचं नाही. नेमकं तेव्हाच चित्र फिसकटायचं."

"आणि आता?"

"आताही फिसकटतं. एवढ्या भारी स्क्रीनवरही दिसत नाही, म्हणजे वळतच नसणार. मोठा झाला तो."

मी सेटिंग उघडलं. मॉनिटर एकशे ऐंशीचा, पण संगणक पहिल्या दिवसापासून त्याला साठवरच चालवत होता. बॉक्समधून काढला, वायर जोडली, आकडा बदलायचा असतो हे कुणाच्या गावीच नव्हतं. "काय गुळगुळीत!" म्हणत अख्ख्या आळीनं मान डोलावली होती ती साठलाच.

मी आकडा बदलला. स्क्रीन क्षणभर काळी झाली. मग बेट परत आलं. गवत वाऱ्यावर झुलत होतं, समुद्र अंगणापर्यंत आल्यासारखा. अंकलनी हेडफोन चढवला.

ग्लेन आला. नेहमीसारखा पुढे धावत सुटला, वाळूवरून, केळींच्या मधून. मग गर्रकन वळला. थांबला. पुन्हा धावला. थोडं पुढे जाऊन पुन्हा वळला.

बाहेर वाडीत पाट वाहत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. अंकल माइकजवळ वाकले.

"आहे रे," ते म्हणाले. "मागेच आहे."