बिनमोटरची घरघंटी

घरघंटी दुरुस्तीला कुठे टाकायची, एवढाच प्रश्न होता. शोभनाने (माझी बायको, राजेंद्र नगरात मला तिचा नवरा म्हणूनच ओळखतात) कंपनीच्या मेकॅनिकला फोन करून तो चुटकीसरशी सोडवला असता. पण नेमका त्याच रविवारी माझा भाचा उन्मेष ओहायोहून व्हिडिओ कॉलवर आला आणि त्याने माझ्या डोक्यात अमिश भरवले.

अमिश म्हणजे तिकडची जुन्या वळणाची शेतकरी मंडळी. घरात तारेची वीज घेत नाहीत, घोडागाडीतून फिरतात. गंमत म्हणजे आसपासच्या सगळ्यांचे ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, बुलडोझरसुद्धा दुरुस्तीला येतात ते ह्यांच्याच वर्कशॉपात! लेथ डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर फिरते, आणि विजेचं यंत्र घरात वापरायचं झालं तर मोटर काढून ते दाबलेल्या हवेवर चालवतात. ऐकून मी भारावलोच. (मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. पाना कुठल्या बाजूने धरायचा ते मला ठाऊक नाही. यंत्रांचं कौतुक अशाच माणसांना फार असतं.)

"कंपनीचा माणूस नको," मी जाहीर केलं. "राऊ गावाच्या रस्त्याला रघुवीर मिस्त्रीचं ट्रॅक्टरचं वर्कशॉप आहे. तिथेच नेतो. एकदम अमिश काम!"

"अहो, घरघंटी आहे ती. नुसती खडखड करतेय," शोभना म्हणाली. "आणि शुक्रवारपर्यंत पाहिजे म्हणजे पाहिजे. महिला मंडळाच्या दिवाळी स्टॉलच्या चकल्या यंदा पहिल्यांदाच मला दिल्यात. बाहेरच्या चक्कीवर भाजणीला मिरचीचा वास लागतो. तिथे माझं हसं झालं ना, तर बघा!"

स्कूटर बंद होती, म्हणून घरघंटी हातठेल्यावर चढवून मी ठेलेवाल्याबरोबर चालत निघालो. रघुवीर मिस्त्री एका उघड्या ट्रॅक्टरच्या पोटात शिरला होता. मला बघून बाहेर आला आणि पंखा माझ्याकडे वळवला.

"पंखा बंद कर दो भिया, अपने को चलता नहीं," मी म्हणालो. (सर्दी झाली होती.)

"मोबाइल नंबर लिखा दो."

"मोबाइल नहीं रखा." (घरी चार्जिंगला होता. आणि स्वतःचा नंबर कुणाला पाठ असतो?)

"गाड़ी से आए?"

"नहीं, पैदल."

मग त्याला मी अमिश लोकांबद्दल सांगायला लागलो. सांगताना मला भरून येत होतं. रघुवीरने हातातला पाना खाली ठेवला.

"मतलब बिजली बिल्कुल नहीं?"

"तार की? बिल्कुल नहीं!"

"और मशीन में मोटर हो तो?"

"निकाल देते हैं!" मी अभिमानाने म्हणालो.

रघुवीरने कानाच्या पाळीला हात लावला. "समझ गया भिया. आप बेफिकर रहो."

बुधवारी चौकशीला गेलो, तर दारातून कुणीतरी ओरडलं, "भियाजी आ गए, बंद करो रे!" पंखा थांबला. दिवा गेला. लेथ घरघरत गप्प झाली. एका कारागिराने माझ्याकडे बघत मोबाइल शर्टात लपवला. मला काही कळेना.

"लाइट गई क्या?"

"आप जब तक बैठे हो, गई समझो," रघुवीर हळूच म्हणाला.

मी अजूनच गोंधळलो. "कोई गुजर गया क्या?"

"राम राम, कैसी बात करते हो!" त्याने चहा मागवला. चहा लाकडाच्या चुलीवर मुद्दाम करवलेला, आणि त्याला दुधापेक्षा धुराचीच चव जास्त. सगळे अंधारात हात जोडून माझं पिणं बघत होते. वर्कशॉपात दुखवटा असेल, लोक बोलत नसतील, असं मनाशी ठरवून मीही गंभीर चेहरा केला आणि घरी आलो.

शुक्रवारी सकाळी ठेला दारात आला, सोबत स्वतः रघुवीर. घरघंटीची खडखड गेली होती. मोटरही गेली होती. तिच्या जागी एक भलंमोठं चाक, पट्टा, सायकलची पायडलं आणि मागे ट्रॅक्टरची सीट वेल्डिंग करून बसवलेली.

"मोटर?" मी विचारलं.

"निकाल दी," रघुवीर समाधानाने म्हणाला. "अपन आपका धरम बिगड़ने देंगे क्या?"

आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (विजेशिवाय.) "अरे भिया, वो अमिश लोग अमेरिका में हैं! मैं तो देशस्थ हूँ!"

रघुवीरने समजूतदारपणे मान हलवली. "हओ, उसमें भी अलग-अलग मानने वाले होते होंगे." आणि तो निघून गेला.

 शोभनाने भाजणीचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला आणि ट्रॅक्टरच्या सीटकडे बोट दाखवलं. ऑफिसला फोन करून 'घरी अडचण आहे' असं कळवलं, तेही तिनेच. मी पायडल मारत बसलो. मांड्या पेटल्या, पोटऱ्यांना गोळे आले, शेजारचे प्रतापराव दोनदा कुंपणावरून डोकावून "व्यायाम चांगला आहे!" म्हणून गेले. पण खरं सांगतो, भाजणी अशी सुरेख पडली की बोटांत जाणवू नये. चकल्या खुसखुशीत झाल्या आणि स्टॉल उघडल्या उघडल्या संपल्या. शोभनाला मंडळाने पुढच्या वर्षीचंही काम तिथेच देऊन टाकलं. तिला एवढं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर रघुवीर स्वतः मोटर घेऊन घरी आला. त्याच्या जावयाने त्याला अमिश कोण ते मोबाइलवर दाखवलं होतं. बिचारा ओशाळून दारातच उभा राहिला.

"भाभीजी, गलती हो गई. अभी के अभी वापस लगा दूँ?"

मी त्या वेळी सीटवर होतो (गहू). आनंदाने माझे डोळे भरून आले. मी एक पाय खालीसुद्धा टेकवला.

शोभनाने गव्हाचा पुढचा डबा माझ्या शेजारी आणून ठेवला.

"रहने दो भिया," ती म्हणाली, "इनके धरम का सवाल है."