गुंडूरावांच्या गाडीचा पुढचा गिअर

गुंडूरावांचा डावा गुडघा गेला आणि त्याच्या पाठोपाठ त्यांची गाडीही गेली. म्हणजे गाडी होती बेंगळुरूत जयनगरच्या घराच्या अंगणातच, पण क्लच दाबायला पाय साथ देईना आणि दुसऱ्या कुणाच्या हाती किल्ली द्यायला मन तयार होईना. सत्तावन्न सालची ती नावेएवढी अमेरिकन गाडी दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी राहिली. लक्ष्मीदेवींना रांगोळी काढायला तुळशीपुढची हातभर जागा तेवढी उरली होती.

"या दसऱ्याच्या आयुधपूजेला गाडी तुमच्या हातानं गेटाबाहेर गेली तर राहू दे," एक दिवस त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नाही गेली तर शेषगिरींना द्यायची. सरी? ठीक ना?"

शेषगिरींचं बनशंकरीला मंगल कार्यालय होतं आणि नवरदेव मिरवायला त्यांना अशीच गाडी हवी होती. दर महिन्याला ते कॉफीला येत आणि ताडपत्रीचा कोपरा उचलून बघून जात. ते गेले की गुंडूराव त्या दिवशी जेवत नसत.

हे सगळं जावई हरीला बघवेना. हरी मूळचा नाशिकचा, बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात साहेब होता. आम्हा इंजिनियर लोकांना एक खोड असते. समोरचा नुसता हळहळत असतो आणि आम्ही उपाय सांगून बसतो. मग तो उपाय करून दाखवणं आलं.

"अण्णा, क्लचच काढून टाकू," हरी म्हणाला. "आपोआप गिअर बदलणारा बॉक्स बसवतो. वर ओव्हरड्राइव्ह. म्हणजे मोठ्या रस्त्यावर इंजिन निवांत चालेल, पेट्रोलही कमी खाईल. तुम्ही फक्त उजवा पाय वापरायचा."

"आणि डावा?"

"डाव्याला पेन्शन."

गुंडूराव कितीतरी दिवसांनी हसले. तिथेच हरी अडकला.

देवनहळ्ळीच्या पुढे एका मळ्यात दुसरी एक अमेरिकन गाडी कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. तिच्या पोटातला गिअरबॉक्स धडधाकट निघाला. तो टेंपोत घालून आणला, आणि पुढचे सगळे रविवार हरी गाडीखाली गेला. नवा बॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड केला. बॉक्स पेलणारी आडवी पट्टी मागे सरकवली. ॲक्सिलरेटरपासून बॉक्सकडे जाणारी एक केबल असते. ती जरा सैल राहिली तर आतल्या चकत्या जळून जातात. ती हरीने केसभरही चूक न करता ताणली. शेवटी स्टिअरिंगजवळच्या लिव्हरपाशी त्याने पितळेच्या छोट्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या: थांबा, मागे, मोकळा, पुढे, आणि घाटासाठी आणखी दोन. अक्षरं त्याने स्वतः कोरली होती. त्या पट्ट्यांवरून तो इतक्यांदा हात फिरवी की त्याची बायको सुलभा म्हणाली, "अहो, झिजतील त्या."

आयुधपूजेच्या आदल्या रविवारी चाचणी झाली. गाडीचा मागचा भाग ठोकळ्यांवर चढवून हरी खाली आडवा झाला आणि सुलभा स्टिअरिंगवर बसली.

"'पुढे' टाक."

"टाकलं. फिरतंय का?"

चाक फिरत होतं. पण हरीच्या नाकासमोर चाकाचा खालचा भाग होता, आणि तो स्पष्टपणे डिकीच्या दिशेने चालला होता.

"आता 'मागे' टाक."

आता तोच भाग बॉनेटकडे निघाला. हरी बाहेर आला, ग्रीस पुसलं आणि विचारात पडला. आम्ही विचारात पडलो की धोका असतो, कारण आम्हाला कारण सापडतंच.

"उलटं आहे," तो म्हणाला. "साहजिकच आहे म्हणा. तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे. सगळा मामला आरशातला."

"होय की," गुंडूराव कौतुकाने म्हणाले. "हे आमच्या डोक्यात आलं नसतं."

"स्वल्प खाली उतरवून चालवून बघा की," सुलभा म्हणाली.

"पूजेआधी रस्त्यावर नको," लक्ष्मीदेवींनी आतून सांगितलं. "लिंबं चिरडल्याशिवाय चाक हलवायचं नाही."

तेव्हा हरीने 'मागे' आणि 'पुढे' या दोन पट्ट्यांची अदलाबदल केली आणि चाचणी संपल्याचं जाहीर केलं. घाटाचे दोन गिअर त्याने बघितलेच नाहीत. जयनगरात घाट कुठला?

आयुधपूजेला गाडीला झेंडूचा हार पडला. बॉनेटवर गंध, चारही चाकांपुढे चार लिंबं, गेटाजवळ कुंकू लावलेला कोहळा. शेषगिरी नवं धोतर नेसून हजर होते. गुंडूराव दोन वर्षांनी स्टिअरिंगवर बसले. त्यांनी डावा पाय मांडी घातल्यासारखा आत ओढून घेतला, इंजिन चालू केलं, लिव्हर 'पुढे'वर आणलं आणि देवाचं नाव घेऊन पाय दाबला.

गाडी डौलात मागे गेली आणि धुण्याच्या दगडाला टेकली. चारही लिंबं जागच्या जागी, टवटवीत.

लक्ष्मीदेवींनी कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"अण्णा, लिव्हर जरा वर सरकलं असेल," हरी म्हणाला.

"'पुढे'वरच आहे."

"बाजूला व्हा, गुंडूराव," शेषगिरी सरसावले. "अशी गाडी मी मद्रासला चालवलीय. तुम्ही दाबायला भिता. नाहीतरी उद्यापासून मलाच चालवायचीय."

गुंडूराव उतरले. त्यांचा चेहरा बघून हरीला गिअरबॉक्सऐवजी आपणच त्या खुराड्यात जाऊन बसावं असं वाटलं. शेषगिरींनी धोतर सावरलं, 'पुढे' लिहिलेलं दोनदा वाचून घेतलं आणि न भिता दाबलं. धुण्याचा दगड आडवा झाला. त्यामागे न्हाणीघर होतं. त्याच्या भिंतीला बंपर लागला तेव्हा आतला बंब, तांब्या, बादली अशी सगळी एकामागून एक बोलली. हादऱ्याने गेटाजवळचा कोहळाही सुटला आणि उतारावरून रस्त्याकडे घरंगळू लागला.

शेषगिरी दार उघडून खाली आले. धोतराचा सोगा दारात अडकून तिथेच राहिला होता, तो त्यांनी लांबूनच ओढून घेतला.

"लक्ष्मीअक्का, मला ही गाडी नको. लिंबं चिरडत नाही, पुढं म्हटलं की मागं जाते. अशा गाडीत नवरदेव बसवला तर मुलीकडचे काय म्हणतील?"

हरीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो कोहळ्याकडे बघत होता. कोहळा गेटाकडे चालला होता, पण त्यावरचा कुंकवाचा ठिपका वरून पुढे जाई आणि खालून हरीकडे परत येई. पुढे जाणाऱ्या गोल वस्तूची खालची बाजू मागेच फिरते. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. हरीला मात्र त्यासाठी कोहळा लागला.

"अण्णा, बसा," तो म्हणाला. "'मागे' टाका."

"मागं न्हाणीघर आहे, हरीराव."

"म्हणूनच."

गुंडूरावांनी जावयाकडे बघितलं. मग बसले आणि लिव्हर 'मागे'वर नेलं. गाडी हळूच पुढे निघाली. चार लिंबं एकदम चिरडली, लक्ष्मीदेवींनी आपोआप हात जोडले, आणि ती नाव गेटातून बाहेर पडली. कोपऱ्यावर गिअर बदलल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतका बॉक्स चोख बसला होता. अवघड होतं तेवढं सगळं हरीने बरोबर केलं होतं.

गुंडूराव चौकाला वळसा घालून परत आले आणि गेटासमोर थांबले. डोळे पुसत होते, पण धूळ गेली असं म्हणाले. लक्ष्मीदेवी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पदर नीट केला.

हरी स्क्रूड्रायव्हर घेऊन धावला. "अण्णा, एक मिनिट. पट्ट्या पुन्हा बदलून देतो."

गुंडूरावांनी लिव्हरवर हात ठेवला. "राहू दे की. शेषगिरीला दोन मेहुणे आहेत, त्यांनाही गाड्यांचा नाद."

"पण कुणी नवखा बसला तर मागे जाईल ना."

"जाऊ दे. आमच्या हाताला कळलं, तेवढं पुरे." मग बायकोकडे बघत म्हणाले, "बनशंकरीला जाऊन येऊ?"

"सरी," लक्ष्मीदेवी म्हणाल्या. "पण स्वल्प सावकाश."

न्हाणीघराची भिंत हरीने स्वतः बांधून दिली, थोडी तिरकी. तो दांडा, ती केबल, तो ओव्हरड्राइव्ह, सगळं बिनबोभाट चालतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. गुंडूराव येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात त्या फक्त दोन पितळी पट्ट्या. "आमच्या जावयांनी मुद्दाम करून ठेवलंय," ते सांगतात. "चोर बसला तर थेट न्हाणीघरात. तपासणी विभागात आहेत ना, त्यांचं डोकंच तसं." आणि हरी शेजारी उभा राहून मान डोलावतो.