शिवराजचा दीड तारा

शिवराजला लग्नाला बोलावू नये. जेवून हात धुता धुता तो मुलीच्या बापाला सांगतो, "अक्षतांपर्यंत लई धरून ठेवलं. सत्कार सुरू झाले अन् पकड सुटली." माझ्या टाइल्सच्या दुकानाच्या उद्घाटनाला सगळे हात मिळवत होते, हा म्हणाला, "नगरसेवकाचं भाषण कापायला पाहिजे होतं."

लातुरात माझ्या दुकानासमोरच त्याचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असतं आणि हा आपल्या वेबसाइटसाठी परीक्षण लिहीत असतो. तिथं मोठा हिरो, मोठं बॅनर काही नाही. कुणी भाड्याच्या कॅमेऱ्यावर, मित्रांना हाताशी धरून काढलेले छोटे पिक्चर, तेवढेच. कसा आहे म्हणून तोंडी विचारलं तर सांगत नाही. "लिहिलंय. वाचून घ्या."

माझ्या भाच्यानं देवणीत असाच एक पिक्चर काढला. पैसा माझा, सरपंचाचं काम माझं. मी पाठीवर फरशा वाहून वर आलेला माणूस. कुणाचं फुकट ऐकून घेत नाही. शिवराजनं लिहिलं, 'बैलानं जीव ओतला आहे. सरपंचानं त्याच्याकडून शिकायला हरकत नव्हती.' दीड तारा!

रस्ता ओलांडून मी तडक स्टुडिओत.

"तीन कर."

"न्हाई."

"अडीच. समोरासमोर धंदा आहे आपला."

"शेठ, ह्या फरशा न्हाईत."

"दोनवर तोडू. अन् बैलाचं काढ."

"बैलाचं तर खरं हाय."

त्यानं मागवलेला चहा तसाच ठेवून मी बाहेर पडलो. ड्रायव्हरला सांगितलं, आजपासून टेम्पो ह्याच्याच दारात लावायचा.

नांदेडच्या एका थिएटरनं पिक्चरला दुपारचा खेळ दिला होता. ठरावीक माणसं जमली नाहीत तर तिथं खेळ रद्द करतात. पहिल्याच दिवशी तो रद्द झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याहून भाच्याचा फोन, अगदी रडकुंडीला आलेला. "मामा, आजही माणसं आली न्हाईत तर पिक्चर काढून टाकतो म्हणायलेत."

मी गाडी काढली. थिएटरच्या खिडकीशी पोचतो तर शिवराज! लातूरहून बसनं आलेला. मोठ्या पिक्चरचं तिकीट न मिळालेल्या कॉलेजच्या पोरांना अडवून बसला होता.

"काका, चांगला हाय का?"

"चांगला न्हाई. पण बैल बघा, विहिरीवरचा सीन बघा. मग माझ्याशी भांडा."

माझं टाळकंच सटकलं. "आधी गाडलंस, आता खांदा द्यायला आलास?"

"हळू बोला, शेठ. पोरं पळतील. मॅनेजर म्हणतोय अजून एक माणूस पाहिजे. तिकीट काढा."

"माझ्याच पिक्चरला मी तिकीट काढू?"

"काढा हो! मी वाईट म्हणलो. बंद करा कवा म्हणलो?"

काढलं. आत त्याच्या शेजारी बसलो तरी डोकं तापलेलंच. "तू बघितलायस, नावं ठेवून मोकळा झालायस. मग एवढ्या लांब कशाला तडफडलास?"

पडदा अजून कोराच होता. तो तिकडंच बघत राहिला. "लई वर्षं लिहायलोय, शेठ. कुणी शिव्या बी देत न्हाई. तुम्ही भांडायला आलात तवा कळलं, कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं."

मला आणखीच राग आला.

पिक्चर संपला. पोरं हसत निघून गेली. झाडूवाला आत आला, खुर्च्या आपटायला लागला. शिवराजनं माझ्याकडं तोंड केलं.

"बसा की जरा. बोलू पिक्चरवर."

राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. पण बसलो.