अठ्ठावन्न किलोमीटर चालणारा हात

माणसाची प्रगती खुंटते, कारण त्याचा उजवा हात कीबोर्ड सोडून माउसपर्यंत जातो. हे सत्य मला आमच्या वटार गावातल्या, शेजारच्या स्वरूपने समजावले. मी निवृत्त मास्तर, त्यामुळे आकडेमोड तपासून घेतली. एक फेरी चाळीस सेंटिमीटर, दिवसाला चारशे फेऱ्या. वर्षाला अठ्ठावन्न किलोमीटर. म्हणजे हा हात नालासोपाऱ्याहून निघून चर्चगेटला पोचतो (विनातिकीट).

हा प्रवास थांबवण्यासाठी स्वरूपने घरातल्या एकुलत्या एक संगणकावर लिनक्स घातले आणि सगळे काम कीबोर्डवरूनच होईल अशी मांडणी केली. वाचणारा वेळ, रोज सात मिनिटे. मांडणीला लागलेला वेळ, सात आठवडे. (हे उदाहरण मी माझ्या शिकवणीतल्या चौथीच्या मुलांना घातले. हंसा म्हणाली, "सर, गणित चुकलंय." तिला मी धीर धरायला सांगितले.)

माउस भंगारात गेला. पडदा काळाभोर झाला, त्यावर ना चित्र ना बटण. दोनशे चौदा शॉर्टकटांचे कागद भिंतीवर चढले, त्यातला एक देव्हाऱ्यावर.

"अरे, हा बंद कसा करायचा?" त्याच्या आईने, जयवंतीबाईंनी विचारले.

"तीन बटणं एकदम दाब, आई. मग चौथं."

जयवंतीबाईंनी भिंतीवरचा स्विच एका बोटाने बंद केला. जुन्या पिढीला शास्त्र कळत नाही.

मग सुरुचीचा, म्हणजे स्वरूपच्या बहिणीचा, नर्सिंग प्रवेशाचा अर्ज आला. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. साडेतीनला स्वरूप बसला. मीही बसलो, प्रगती बघायला. चार वाजता अर्जाच्या तळाशी नऊ चित्रे उगवली. बस असलेल्या चौकोनांवर क्लिक करा.

"दादा, शेजारच्या सँड्राकडून माउस आणते."

"माउस? या घरात? दहा मिनिटं थांब, बाण कीबोर्डवरून हलवायचा प्रोग्राम लिहितो."

"दादा, माझं वर्ष जाईल."

"आणि माझे सात आठवडे?"

पावणेपाचला सुरुची कुंपण ओलांडून सँड्राकडे गेली. तिच्या संगणकावर, तिच्या माउसने, बारा मिनिटांत अर्ज भरून आली. (या काळात तिचा हात अंदाजे पाच मीटर चालला. मोठे नुकसान.)

पाच वाजून वीस मिनिटांनी स्वरूपने आरोळी ठोकली. बाण कीबोर्डच्या हुकमाने डुलत डुलत निघाला आणि नेमका बसवर जाऊन थांबला. खाली अक्षरे उमटली, "मुदत संपली आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. जयवंतीबाईंनी चहा टाकला, फक्त सुरुचीसाठी.

पुढच्या रविवारपासून स्वरूप माझ्या शिकवणीत 'वेळेची बचत' शिकवणार आहे. बारा पालकांनी नावे दिली. हंसाने दिले नाही.

तुम्ही हसलात, बरे वाटले. आता, ज्या कामाला बसण्यापूर्वी 'दोनच मिनिटं' म्हणून हे वाचायला घेतलेत, त्याची मुदत किती वाजता संपते तेवढे पाहा. सँड्रा सगळ्यांच्याच शेजारी राहत नाही.