जोशीबुवांची माहेरवाशीण

आमच्या शेजारचे जोशीबुवा पंचांग पाहिल्याशिवाय शिंकतही नाहीत, असं सगळी आळी म्हणायची. हे खोटं आहे. शिंक त्यांना अडवता यायची नाही. पण हजामत, नखं, नवं धोतर, जुन्या धोतराला ठिगळ, लोणच्याची बरणी उघडणं, यातलं काहीही दिवस पाहिल्याशिवाय झालं नाही. एकदा त्यांच्या माजघरात साप निघाला. पोरं काठ्या घेऊन धावली, तर हे दारात आडवे. "थांबा रे, आज पंचमी आहे!" नागपंचमी नव्हे हो, कुठली तरी साधी पंचमी. एवढी हुज्जत ऐकून साप बिचारा कंटाळून निघून गेला.

दुसरी खोड म्हणजे परक्या बाईकडे पाहून बोलायचं नाही. रोज दुपारी आमच्या ओसरीवर ताक प्यायला येत आणि मला जे सांगायचं ते अंगणातल्या तुळशीला सांगत. "काशीबाईले म्हणा, ताक आंबट झालं." मग मीही तुळशीलाच सांगायची, "बुवांना म्हणावं, फुकटचं आहे." आमचे हे कचेरीत कारकून. ते म्हणायचे, या तुळशीला आता सरकारी दुभाष्याचा पगार लावायला पाहिजे.

तेव्हाची अमरावती म्हणजे विचारू नका. साता समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, विलायतेला कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. काल फाटकी घोंगडी पांघरणारा आज बैलाच्या शिंगांना चांदी मढवत होता. आणि ज्याच्या हाती पैसा त्याला मुहूर्त पाहिजे. बुवांच्या दारात शेठ लोकांची रीघ. पण बुवा घराबाहेर पडले, की आळीतली एक पांढरी-पिवळी मांजर हमखास आडवी जायची. की हे मागे फिरले. पाय धुवायचे, दोन घटका बसायचं, पुन्हा निघायचं. पुन्हा ती आडवी! कधी कधी नवरा बोहल्यावर ताटकळे आणि आमचे बुवा आपल्याच दारात मांजरीशी भांडत उभे असत. "सटवे, तुले दुसरा रस्ता नाही काय?"

त्यांना एकच लेक, गोदू. आई लहानपणीच गेलेली, म्हणून माझ्याच हाताखाली वाढली. अकोल्याला दिली होती. बुवा कधी भेटायला गेले तर इथून दशम्या बांधून, पाण्याचा तांब्या भरून नेत आणि तिच्या गावच्या देवळात बसून खात. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी बापाने अन्नपाणी घेऊ नये, हा रिवाज सगळ्यांचाच. पण लोक पाण्यापुरती पळवाट काढतात. बुवांनी काढली नाही. गोदू देवळाच्या पायरीवर बसून बापाला जेवताना पाहायची. म्हणायची, "बाबा, लवकर नातवंड देते तुमाले, मग बसा माझ्या घरी पाटावर."

अन् दिवस गेलेच तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा सातव्या महिन्यात आणायचं ठरलं. बाळंतपण मी करणार होते. मी दुपटंसुद्धा शिवून ठेवलं. माझ्या दिरांची गाडी रिकामी होती, ते म्हणाले, "चला बुवा, उद्याच निघू." पण लागला होता पितृपक्ष. "पितृपक्षात कोणी लेक आणते काय? दिवस पाहू." मग दसरा आला, दिवस चांगला आला, पण तोवर कापूस फुटला होता. वऱ्हाडातली एकूण एक गाडी बोजे वाहायला लागली. बुवा दारोदार फिरले. चांदीच्या शिंगांचे बैल समोरून जात होते आणि एका गरोदर पोरीला आणायला जोडी मिळत नव्हती. शेवटी दिवाळीत ते पायीच निघाले. मूर्तिजापूरला निरोप भेटला. दिवस भरायच्या आधीच गोदू अडली होती. ती गेली, मूलही गेलं.

परत आले ते कोणाशी बोलले नाहीत. पुन्हा मुहूर्त काढू लागले, ताकाला येऊ लागले. मी वाट पाहत होते की हा माणूस एकदा तरी रडेल. नाही रडला. मला राग यायचा, खरं सांगते. पंचांग काखोटीला मारून निघाले, की वाटायचं ते हिसकून चुलीत घालावं.

वर्ष गेलं. पुन्हा कापूस फुटायचे दिवस. एके सकाळी बुवा निघाले आणि मांजर आडवी गेली. मी अंगण झाडत होते, म्हटलं आता हे फिरणार. पण फिरले नाहीत. मांजर हळू चालली होती, पोट जमिनीला टेकलेलं. बुवा वाकून पाहत म्हणाले, "अगं, तू तर भरत आली! अन् अशी उन्हात हिंडून राहिली? तुले माहेर नाही काय?"

त्या दिवसापासून आमच्या तुळशीला श्वास घ्यायला फुरसत नाही.

"काशीबाईले विचारा, डिंकाचे लाडू बाळंतपणाच्या आधी की नंतर?"

"बुवांना म्हणावं, ती मांजर आहे."

"ते ठाऊक आहे. आधी की नंतर?"

लाडू मांजरीने हुंगला आणि पंजाने लोटून दिला. पण त्याच दुपारी अर्धा उंदीर आणून देवघराच्या उंबऱ्यावर ठेवला. मला वाटलं, आता हे सोवळं नेसून थयथयाट करणार. बुवांनी डोळे मिटले. म्हणाले, "डोहाळे आहेत. काही बोलू नये." एका कापसाच्या शेठने दक्षिणेत दिलेला सरकी काढलेला कापूस त्यांनी टोपलीत पसरला. त्या शेठचा दिवाणजी कपाळाला हात लावून ओरडला, "बुवा, चांदीवर मांजर निजवता!"

त्या संध्याकाळी बुवा बराच वेळ तुळशीसमोर घुटमळले. मग म्हणाले, "काशीबाईपाशी एक दुपटं होतं. असंन अजून?"

ते यांना ठाऊक होतं? मी तर पेटीच्या तळाशी लपवून ठेवलं होतं. मी दुपटं आणलं, वृंदावनाच्या कठड्यावर ठेवलं आणि घरात जाऊन भाकरी थापत बसले. डोळ्यांना धूर लागला म्हणायचा, दुसरं काय.

दोन-चार दिवसांनी त्याच शेठच्या काट्याची पूजा होती. नव्या कापसाचं पहिलं वजन, मुहूर्त बुवांनीच काढलेला. न्यायला दमणी आली, झुली घातलेले बैल, घुंगरं. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "अहो तुळस! काशीबाईले पाठवा! लवकर!"

मी गेले. मांजर टोपलीत धापा टाकत होती आणि बुवा तिच्याहून जास्त. म्हटलं, "बाहेर व्हा. मांजरीला कोणी पाहिलेलं खपत नाही." दाराबाहेर दिवाणजी हाका मारत होता, "बुवा, मुहूर्त टळून राहिला!"

"टळू द्या."

मी हातातलं काम टाकून कान टवकारले. हे बुवाच बोलले का?

"गाडी उभी आहे, बुवा!"

"आज बरी गाडी भेटली," बुवा म्हणाले. आवाज असा होता, की दिवाणजीने गाडी वळवली. घुंगरं वाजत परत गेली.

चार पिलं झाली. शेवटचं हलेना. बुवांनी ते आपल्या उपरण्यात घेतलं आणि चोळत राहिले, चोळत राहिले. मी म्हटलं, "सोडा आता." त्यांनी ऐकलं नाही. मग त्या एवढ्याशा गोळ्याने तोंड उघडलं आणि कुईं केलं. जोशीबुवा मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मोठ्याने, उघड्या तोंडाने, पोरासारखे. मी वर्षभर वाट पाहिली होती या रडण्याची, आणि आता ते मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, आपल्याला सुवेर आहे. लेक माहेरी बाळंत झाली, तर बापाला विटाळ पाळावा लागतो. तीन दिवस कोणाकडे पूजेला गेले नाहीत. आळी पोट धरून हसली. आमच्या ह्यांनी विचारलं, "कोणत्या शास्त्रात आहे हो?" बुवा म्हणाले, "बापाच्या."

पण मांजर ती मांजर. सात घरं फिरवल्याशिवाय पिलं वाढत नाहीत तिची. डोळे उघडले तशी एकेकाला मानेला धरून कुंपणावरून आमच्याकडे आणलं आणि कणगीमागे बिऱ्हाड थाटलं. पलीकडे बुवा रिकाम्या टोपलीपाशी बसलेले दिसायचे. दोन दिवस ताकाला आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते पगडी घालून, खांद्यावर शाल घेऊन. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "आमची आहे काय इथे? सुखात आहे?"

मी हसत ताकाचा पेला पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "नको. लेकीच्या घरचं कसं घेऊ?"

 अकोल्याच्या देवळाची पायरी डोळ्यांसमोर आली.

"बुवा," मी म्हटलं, "नातवंडं झाली न आता. आता चालते."

त्यांनी कणगीकडे पाहिलं. "चालते?"

"चालते. या, बसा पाटावर."

पोरांसाठी केलेला वरण-भात मी वाढला. पिलं पायाशी लुडबुडत होती. बुवांनी पहिला घास घेतला, आणि तेव्हा कुठे मला आठवलं, की आज एकादशी! माझाच उपास होता. हातातली पळी तशीच राहिली. सकाळी कुंपणावरून सगळ्या आळीला एकादशी ओरडून सांगणारे हेच बुवा होते.

बुवांनी वाटी रिकामी केली, मान वर केली आणि पहिल्यांदाच तुळशीकडे न बघता माझ्याकडे पाहिलं.

"काशीबाई, अजून थोडा भात वाढा," ते म्हणाले. "बाप जेवला नाही तर लेकीले वाईट वाटते."